गाठीचं जेवण

केंद्राचं ते पत्र येऊन महिना उलटला होता आणि श्रीपादराव गुळवणींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर दिलं नव्हतं, पण पत्र तपासून मात्र ठेवलं होतं. उभा जन्म सांगलीच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. छापील कागद एका हातात आला की दुसऱ्या हातात लाल पेन्सिल आपोआप यायची. पत्रात त्यांनी 'दिवंगत'च्या आधीचं 'सौ.' काढलं, 'ऊतक' हा शब्द एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ पडला होता तो सारखा केला, आणि मग त्या वाक्यापाशी येऊन पेन्सिल थांबली.

'आपण कार्यालयीन वेळेत केव्हाही येऊन आपल्या पत्नीची गाठ घेऊ शकता.'

अलीकडे कुठल्याच कचेरीत माणसं पत्रं लिहीत नसत. यंत्र लिहायचं आणि माणूस खाली सही करायचा. यंत्राचं मराठी एरवी चांगलं असे. हे वाक्यही व्याकरणाने चोख होतं. कुठे काना-मात्रा चुकलेली नव्हती. पण उज्ज्वलाला जाऊन वर्ष झालं होतं. तिची गाठ घेणं म्हणजे तिला भेटणं, की तिच्या मूत्रपिंडातून काढलेली ती वस्तू डबीत घालून घरी आणणं? यंत्राला बहुधा दुसरं म्हणायचं होतं. श्रीपादरावांनी पहिल्यांदा वाचलं ते पहिलं. क्षणभर, अगदी क्षणभरच, ते चपला शोधायला उठलेसुद्धा होते. मग अर्थ लागला आणि घशाशी आंबट आलं.

पत्राचा मजकूर थोडक्यात असा होता. उज्ज्वलाच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा एक भाग केंद्राने संशोधनासाठी जिवंत जतन केला आहे. तिच्या स्वतःच्या रक्तातून साठवलेलं सीरम आता संपत आलं आहे. पुढे ते सीरम घरच्यांनी द्यावं, किंवा ऊतक ताब्यात घेऊन त्याचे विधी करावेत. पुढच्या महिनाअखेरपर्यंत लेखी उत्तर न आल्यास नमुना बंद करण्यात येईल.

बंद करण्यात येईल म्हणजे मरू दिला जाईल. मरू दे की, असं श्रीपादरावांना वाटे. मग वाटे, असं आपण कागदावर कसं लिहायचं? 'मरू द्यावे' की 'बंद करावे'? 'कृपया' घालावं का? ते मुळात बुजरे. दुकानदाराने सुटे कमी दिले तरी दोन चौक पुढे जाऊन मग त्यांना बोलायचं सुचे. त्यांनी डोक्यातल्या डोक्यात दहा मसुदे केले आणि दहाही नापास केले.

शेवटी फोनच आला.

"गुळवणीकाका ना? मी निखत मुजावर, केंद्रातून. पत्र मिळालं का हो?"

"मिळालं."

"मग?"

"त्यात एक चूक आहे."

"अय्यो, कुठे? नावात का?"

आता हे फोनवर परक्या मुलीला कसं समजवायचं! "येऊन सांगतो," असं ते सुटका करून घेण्यासाठी बोलले, आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण जाण्याचं कबूल करून बसलो.

*

केंद्र मिरजेच्या बाहेर होतं, पूर्वी द्राक्षांचं शीतगृह होतं त्या इमारतीत. श्रीपादरावांनी फिनेलच्या वासाची तयारी ठेवली होती. नाकाला रुमाल लावूनच ते आत शिरले. पण आत फिनेलचा वास नव्हता. कोमट दुधावर साय धरताना येतो तसा गोडूस, अंगाला चिकटणारा वास होता. त्याची तयारी त्यांनी केली नव्हती.

डॉक्टर निखत मुजावर पस्तिशीची, ठेंगणी, भराभर बोलणारी बाई. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. पाण्याचा पेला काचेचा आणि स्वच्छ होता, तरी त्यांनी तो नुसता हातात धरला.

"काका, आधी मी सांगते आम्ही काय करतो ते. मग तुम्ही चूक दाखवा," ती म्हणाली. "गाठ कापून बाहेर काढली ना, तरी तिला ते ठाऊक नसतं. रक्त बंद झालं, पण तिच्या पेशींना भूक असतेच. आत उरलीसुरली साखर असते ती खातात. मग श्वास पुरत नाही, आम्ल साचतं. पाच-दहा मिनिटांत आतलं सगळं चित्र बदलतं. तुम्ही तपासता ती गाठ माणसाच्या अंगातली राहतच नाही. गुदमरलेली गाठ असते ती."

"मग?"

"मग पूर्वी काय करायचे, कापल्या कापल्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचे. जागच्या जागी गोठली की आतलं सगळं जसंच्या तसं. पण तो फोटो झाला. पंगतीचा फोटो बघून पानात काय आहे ते कळेल. कोण काय आवडीने खातंय, कोण वाटीतलं शेजारच्याच्या पानात ढकलतंय, ते नाही कळत. आम्हाला जेवताना बघायचं असतं."

तिने त्यांना एका काचेपाशी नेलं. आत ओळीने चपट्या पारदर्शक डब्या होत्या. प्रत्येकीला केसासारख्या बारीक नळ्या. गाठीचे कागदाहून थोडे जाड काप काढून त्यात ठेवायचे, खालून सीरम वाहतं ठेवायचं, वरून हवेतला प्राणवायू मोजून द्यायचा. सीरम म्हणजे रक्तातल्या पेशी गाळून उरलेलं पिवळसर पाणी. त्यात जड कार्बनची साखर मिसळली की ती साखर गाठीत कुठे कुठे फिरते, तिचं काय काय होतं, ते यंत्रावर दिसे. उज्ज्वलाच्या गाठीतलं साखर जाळायला लागणारं एक विकर जन्मापासून बिघडलेलं होतं. घरात चुलीचा एक पाय मोडका असला की बाई विटा लावून स्वयंपाक करते, तशी ती गाठ साखर जाळायचे भलतेच आडमार्ग काढून जगत होती. त्यातला कुठला मार्ग अडवला तर ती मरेल, हा सारा शोध होता.

श्रीपादरावांना हे सगळं समजलं. समजलं म्हणूनच त्यांना काचेत बघवेना. तरी त्यांनी बघितलं. भिजवलेल्या पोह्यासारखा एक फिकट तुकडा, कडेला जरा तांबूस. खालून पाणी सरकलं की ती कड किंचित थरथरे.

तेवढ्यात लांडगे नावाचा जाडजूड तांत्रिक आत डोकावला. त्याला श्रीपादराव दिसले नाहीत.

"मॅडम, गुळवणीबाईंनी आज पण डबा तसाच ठेवलाय. पाटीलमामांनी मात्र चाटूनपुसून संपवला."

"लांडगे!"

"नाही, म्हणजे उज्ज्वला चार नंबर..." लांडगेला श्रीपादराव दिसले आणि तो दारातच विरघळल्यासारखा मागे गेला.

"माफ करा काका. नंबर लक्षात राहत नाहीत म्हणून ही मंडळी नावं..."

"तुम्ही तिला उज्ज्वला म्हणता?"

निखत यंत्राच्या पडद्याकडे वळली. "हे बघा. कारखान्यात बनवलेलं पोषकद्रव दिलं तर ती जगते, पण आठवड्यात बदलते. हॉटेलचं खाऊन माजल्यासारखी होते. तसल्या माजलेल्या गाठीवर एक औषध लागू पडलं होतं, आम्ही नाचलो. माणसांना दिलं, तर उपयोग शून्य. तिच्या स्वतःच्या सीरमवर ती घरच्यासारखी वागते. ते संपत आलं. म्हणजे आता घरचं जेवण दुसरीकडून आणायला हवं."

"घरचं जेवण?"

"रक्तात हजारो बारीक द्रव्यं असतात, काका. त्यातली कितीतरी आपल्या जेवणातून आणि पोटातल्या जंतूंकडून येतात. चाळीस वर्षं एका चुलीवरचं खाणाऱ्या, एका घरात राहणाऱ्या माणसांची ती सारखी होत जातात. शस्त्रक्रियेच्या दिवशी तुलनेसाठी तुमचंही रक्त घेतलं होतं. त्यातलं थोडं आम्ही गेल्या महिन्यात तिला दिलं." तिने एका रेषेवर बोट ठेवलं. उतरत आलेली रेष तिथे उसळून वर गेली होती. "बघा."

"मला न विचारता?"

"सही होती तुमची. पण विचारायला हवं होतं, खरंय." तिचा आवाज उतरला. मग शास्त्रज्ञाच्या आनंदाने पुन्हा चढला. "आधी तुमच्या मुलीचं, केतकीताईंचं, लावून पाहिलं होतं. ते नाही घेतलं तिने. बारा वर्षं पुण्यात, बाहेरचे डबे... तुमचं मात्र..." ती थांबली. "केतकीताईंनी सांगितलं नाही तुम्हाला?"

श्रीपादरावांना ते अर्धंच ऐकू आलं. त्यांना लग्नातलं ताट दिसत होतं. त्यांचं जेवण झाल्यावर त्याच ताटात उज्ज्वलाने जेवायचं, असं त्यांच्या आईने बजावलं होतं. ताटात त्यांनी कालवलेला भात, चोखलेली शेवग्याची शेंग. नव्या नवरीने हे तोंडात घालायचं ही कल्पनाच त्यांना सोसवली नव्हती, आणि सगळ्यांदेखत, जन्मात एकदाच, ते मोठ्याने बोलले होते: "तिला दुसरं ताट द्या." उज्ज्वलाने त्यांचं उष्टं कधी खाल्लं नाही. ती चेष्टेने म्हणायची, नवरा मिळाला तो सोवळ्यातला.

आणि ही खात होती. त्यांनी खाल्लेलं, त्यांनी पचवलेलं, त्यांच्या रक्तातून गाळलेलं त्यांचं उष्टं ही गाठ त्या डबीत बसून खात होती, आणि खाऊन तिची रेष वर जात होती.

त्यांनी पेला टेबलावर ठेवला, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि सकाळचा चहा ओकून टाकला. निखत पाठीवर हात ठेवायला आली तशी त्यांनी हातानेच नको म्हटलं. चूक दाखवायची राहूनच गेली.

*

केतकी शनिवारी आली. आल्या आल्या तिने पिशवी टाकली, स्वयंपाकघरात शिरली आणि पोहे केले. केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. छत्तिशी ओलांडलेली, एकटी राहणारी, आईसारखीच तोंडाळ.

"खात का नाही?"

"नको."

"का? मीठ जास्त झालं? आईचे असते तर..."

"त्याचा विषय नाही. मला पोहे नकोत. ते उचल समोरून."

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बशी मुकाट्याने ओट्यावर नेऊन ठेवली. "निखतचा फोन होता. तुम्ही जाऊन आलात म्हणे."

"तू त्या वस्तूला रक्त दिलंस?"

"दिलं. तिला आवडलं नाही."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा कुठे करतेय? खरंच नाही आवडलं. जिवंतपणी आई माझ्या हातच्या आमटीला नाकं मुरडायची, ती सवय..."

"ती आई नाहीये!" श्रीपादराव इतक्या जोराने बोलले की त्यांचे तेच दचकले.

केतकी समोर येऊन बसली. "नाहीये. मला माहितीये. पत्र मलाही आलं होतं बाबा, 'आपल्या आईची गाठ घेऊ शकता.' आधी रडले. मग हसायला आलं. म्हटलं, बाबांनी हे वाचलं असेल तर ते तिथेच अडकले असणार."

"तू रक्त का दिलंस?"

ती थोडा वेळ टेबलावरचा तेलाचा डाग बोटाने पुसत राहिली. तो पुसला जात नव्हता. "माझ्यात तोच दोष आहे. आईचा. तपासणी केली तेव्हाच कळलं. आणि आता उजव्या मूत्रपिंडात एक ठिपका दिसलाय. वाटाण्याहून बारीक. लगेच काढणार आहेत, त्याचं काही नाही. पण आईचीही काढलीच होती की. नऊ महिन्यांत सगळीकडे उगवली."

स्वयंपाकघरात पोह्यांना कोथिंबिरीचा वास येत होता आणि श्रीपादरावांना तो केंद्रातलाच गोडूस वास वाटत होता.

"परत उगवली तर काय द्यायचं हे आज कोणालाच ठाऊक नाही," केतकी म्हणाली. "अशी गाठ फार थोड्या लोकांना होते. आमच्या जातीची जिवंत गाठ त्यांच्याकडे एकच आहे. निखत म्हणते, नीट जेवती ठेवली तर वर्षभरात कळेल तिला कशाविना राहवत नाही ते."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पत्राला उत्तर द्याल, मग सांगू म्हटलं. तुम्ही महिनाभर नुसती पेन्सिल घेऊन बसलात."

"त्या वस्तूने तिला खाल्लं, केतकी. आतून खाल्लं. मी ते बघितलंय. आणि आता मी तिला वाढू? माझ्या अंगातलं? मला नुसतं आठवलं तरी..." त्यांनी तोंडावर हात धरला.

"तुम्हाला किळस आईचीसुद्धा यायची." केतकी हे शांतपणे बोलली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. "शेवटी ती लघवीची पिशवी मी बदलायची आणि तुम्ही बाहेर."

"हो. यायची."

"तिला कळत होतं."

"तिला सगळंच कळायचं."

"ती काय म्हणायची माहितीये? 'बघ गं, दाराशी उभं राहून ओकाऱ्या काढतायत, पण लांब काही जात नाहीत.' आम्ही दोघी हसायचो. तुम्ही तिकडे ऑ ऑ करताय, आम्ही इकडे तोंडात पदर कोंबून..." केतकी हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. तिने नाक पुसलं. "मी मागत नाहीये हां, बाबा. तुमचं वय झालं, दर पंधरा दिवसांनी सुई टोचायची, आणि हे असलं. त्यांना नाही म्हणून कळवा. मी मागणार नाही."

"मागू नकोस," श्रीपादराव म्हणाले. "तू मागितलंस तर मला विचार करता येणार नाही."

"मग करा विचार. मी तोवर आंघोळ करते."

ती गेल्यावर आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. त्यांनी स्वतःला दामटून तो तुकडा डोळ्यांपुढे आणला; ती थरथरणारी कड, ती वर चढणारी रेष. किळस पहिल्यासारखीच आली. जरासुद्धा कमी नाही. विचार केल्यावर ती विरेल अशी त्यांना एक वेडी आशा होती, पण तसं काही झालं नाही. माणूस शहाणा झाला म्हणून त्याच्या पोटाला शहाणपण येत नसावं. मग त्यांच्या मनात आलं, ती जायला कशाला हवी? ओकारी आली की ओकावं, आणि तोंड धुऊन पुन्हा बाही वर करावी. तिथे बेसिन आहेच. हा विचार काही थोर नव्हता, आणि आपल्याला सुचला म्हणजे त्यात कुठेतरी चूक असणारच असंही त्यांना वाटलं. पण शोधूनही ती सापडली नाही.

त्यांनी कागद ओढला. मसुदा केला नाही.

'स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. उत्तरास विलंब झाला, क्षमस्व.

माझ्या पत्नीची गाठ मी घेणार नाही. ती आपल्याकडेच असू द्यावी. तिला लागणारे रक्त माझ्या प्रकृतीला झेपेल तोवर मी देईन. येण्याचा वार कळवावा.

याला कृपया देणगी म्हणू नये आणि भिंतीवर माझे नाव लावू नये. मला त्या वस्तूची किळस येते. आपल्या लोकांनी ती घालवण्याचा प्रयत्न करू नये. मी आलो की बादली जवळ ठेवावी एवढे पुरे. कशावाचून ती जगू शकत नाही हे आपल्याला लवकर सापडावे, याच एका हेतूने मी तिला जेवू घालणार आहे. ते सापडले की तिला उपाशी ठेवताना मला समोर बसू द्यावे.

आणखी एक विनंती. आपली मंडळी तिला माझ्या पत्नीच्या नावाने हाक मारतात. ते आजपासून बंद व्हावे. नावावाचून अडत असेल तर माझे घ्यावे. जेवणार ती माझेच आहे.

कळावे,
श्रीपाद गुळवणी'

त्यांनी ते एकदाच वाचलं. 'कृपया' जरा जास्तीचं वाटलं, पण पेन्सिलीकडे हात गेला नाही.

केतकी केस पुसत बाहेर आली तेव्हा ते दारात चपला घालत होते.

"कुठे निघालात?"

"पोस्टात."

"काय लिहिलंत?"

"तू वाचू नकोस. तुला किळस येईल."

पोस्ट कोपऱ्यावरच होतं. आत आता फारसं कोणी नसे. पार्सलं यंत्रं घेत आणि पत्रं जवळजवळ कोणी टाकत नसे. टेबलावर डिंकाची बाटली होती, ती वाळून खडा झालेली. नळाला पाणी नव्हतं. खिडकीतली बाई मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "जीभ लावा की आजोबा, पाकिटाला गोंद आहे."

श्रीपादरावांनी उभ्या आयुष्यात पाकिटाला जीभ लावली नव्हती. कोणी लावताना दिसलं की ते मान फिरवत. त्यांनी पाकिटाची ती पिवळट, चकचकीत पट्टी पाहिली. मग डोळे मिटले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जीभ फिरवली. चव कडवट, शिळी होती. अंगावर सर्रकन काटा आला. तोंड वाकडं करूनच त्यांनी पाकीट अंगठ्याने दाबून बंद केलं, आणि लाल पेटीच्या फटीतून आत सोडून दिलं.